क्लेझ्मर–ब्लूग्रास

पूर्व युरोपातील यिद्दिशभाषक ज्यूंचे वाद्यसंगीत आणि अमेरिकन ब्लूग्रास (बँजो, मँडोलिन अशा तारवाद्यांवरचे ग्रामीण संगीत) यांचा एकाच मंचावर मेळ घालणारी वादनपद्धती. ‘क्लेझ्मर’ हा शब्द हिब्रू ‘क्ली’ (साधन) व ‘झेमेर’ (गान) यांवरून आला. मुळात तो वादकाला लावत. संगीतप्रकाराचे नाव म्हणून तो १९७० नंतरच रुळला, असे सामान्यतः मानतात. मात्र मोशे बेरेगोव्स्की या सोव्हिएत संशोधकाच्या १९३० च्या दशकातील लेखनात त्याचा जवळपास असाच वापर आढळतो. ब्लूग्रासही तसे अलीकडचेच. डिसेंबर १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज बँजो घेऊन मँडोलिनवादक बिल मन्‌रोच्या वाद्यवृंदात आला, तिथून ब्लूग्रासचे आजचे रूप धरतात.

मेळाच्या आरंभाविषयी मतभेद आहेत. ब्लूग्रास मँडोलिनवादक अँडी स्टॅटमन १९७० च्या दशकात डेव्ह टॅरस (जन्म सुमारे १८९७) या क्लॅरिनेटवादकाकडे शिकू लागला, तोच आरंभ असे काही मानतात. परंतु स्टॅटमनची १९७९ ची ध्वनिमुद्रिका जुन्या क्लेझ्मरचीच आहे. मेळ उघड दिसतो तो मँडोलिनवादक डेव्हिड ग्रिस्मनबरोबरच्या १९९५ च्या वादनात, आणि अधिक ठळकपणे क्लॅरिनेटवादक मार्गो लेव्हरेटच्या ‘क्लेझ्मर माउंटन बॉइज’ या संचात. म्हणून नंतरची तारीख अधिक ग्राह्य वाटते.

खरी अडचण स्वरांची. क्लेझ्मरची ‘फ्रेगिश’ स्वरमाला आपल्या बसंत मुखारीच्या स्वरांची (सा रे॒ ग म प ध॒ नि॒). ‘मी शेबेराख’ ही दुसरी स्वरमाला कर्नाटक संगीतातील हेमवतीची. डी हा षड्ज धरला, तर फ्रेगिशमध्ये ई फ्लॅट, बी फ्लॅट व सी हे स्वर येतात. ब्लूग्रासचा गिटारवादक सवयीने समेआधी ए-सेव्हन हा कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) वाजवतो. त्यात ई व सी शार्प असल्याने दोन्ही सूर चालीशी भांडतात. तिथे सी मायनरवरून डी मेजरवर यावे लागते. बँजोच्या तारांच्या नेहमीच्या जी जुळणीत दुसरी तार बी असते, ती अर्धा स्वर उतरवून बी फ्लॅट करतात. हे विसरले की प्रत्येक ‘रोल’मध्ये (बोटांनी तारा छेडण्याच्या ठरीव क्रमात) मोकळी तार बेसूर वाजते. डी व जी पट्ट्या सगळ्यांना सोयीच्या. फिडलवादकाच्या (फिडल म्हणजे व्हायोलिन) आवडत्या ए मेजरमध्ये मात्र लिहिलेल्या सुरापेक्षा एक स्वर खाली वाजणाऱ्या बी फ्लॅट क्लॅरिनेटला पाच शार्प सांभाळावे लागतात.

लयीत मात्र सांधा आयता मिळतो. क्लेझ्मरमधील ‘बुल्गार’ नृत्याचे आठ भाग ३+३+२ असे पडतात, आणि बँजोच्या ‘फॉरवर्ड रोल’च्या एका प्रचलित रूपात अंगठाही पहिल्या, चौथ्या व सातव्या आघातावर येतो. मँडोलिनचा ऑफबीटवरचा ‘चॉप’ (तारा लगेच दाबून टाकलेला तुटक आघात) जोरात ठेवला, की हा हेलकावा सपाट होतो. म्हणून बुल्गारमध्ये तो हलका ठेवतात किंवा ३+३+२ वरच नेतात.

ब्लूग्रासमध्ये एकेक वादक पाळीपाळीने पुढे येऊन कॉर्डांच्या आधारे ‘ब्रेक’ (एकट्याचे वादन) रचतो. क्लेझ्मरमध्ये एकच चाल सारे जण एकाच वेळी, आपापल्या हरकतींसह वाजवतात. व्यवहारात पाळ्या ठेवतात, पण चाल मोडत नाहीत. ‘क्रेख्ट्स’ (कण्हल्यासारखा तुटता स्वर) क्लॅरिनेट व फिडलवर सहज निघतो. मँडोलिनवर सूर टिकत नसल्याने वरच्या स्वराला निसटता स्पर्श करून तार लगेच दाबून टाकतात. एकाच मायक्रोफोनभोवती वाजवताना क्लॅरिनेटवादक मागे उभा राहतो, नाहीतर मँडोलिन ऐकूच येत नाही.

गायनाची शाखा लहान आहे. तीत हिब्रू प्रार्थनांना ब्लूग्रास साज देणारे ‘नेफेश माउंटन’ हे नाव विशेष परिचित आहे.