आक्षेपार्ह पोस्ट, खासगी माहिती आणि पालघर : वादामागची गोष्ट

आमच्या किनारपट्टीवरच्या गाववाल्यांच्या ग्रुपवर सध्या दोनच शब्दांवरनं भांडणं पेटतात, आक्षेपार्ह आणि खासगी. रस्त्याच्या कामावर कोणी चार ओळी लिहिल्या की दुसरा लगेच "आक्षेपार्ह आहे, डिलीट कर नायतर सायबर पोलिसांना देतो", आणि घरकुलाची यादी टाकली की "लोकांची खासगी माहिती आहे ही, नवीन कायदा आलाय". कायदा म्हणजे नेमका कुठला हे विचारलं की शांतता. यातला पहिला शब्द एवढा मोठा झाला तो आपल्या पालघरमुळेच, म्हणून जास्त त्यावरच लिहितो.

फार मागे जात नाही. पोस्टकार्डाच्या जमान्यात मुंबईहून आलेलं पत्र अर्ध्या वाडीला माहीत असायचं आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. पण १८९८ च्या पोस्टाच्या कायद्यातसुद्धा अश्लील, धमकीवजा किंवा घोर आक्षेपार्ह मजकूर पाठवायला बंदी होती, पुढे १९३५ साली इंग्लंडमध्ये टेलिफोनसाठी तसलेच शब्द कायद्यात आले, ऑपरेटरला शिव्या देणाऱ्यांना आवर घालायला. म्हणजे एका माणसाने दुसऱ्या एका माणसाला पाठवलेल्या घाणीसाठी हे शब्द होते. तेच उचलून २००८ मध्ये आपल्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्यात कलम ६६अ म्हणून घातले. मुंबई हल्ल्याला महिनासुद्धा झाला नव्हता, संसदेत गोंधळ चालू होता, चर्चा न होताच दुरुस्ती पास झाली आणि ऑक्टोबर २००९ पासून लागू. घोर आक्षेपार्ह, त्रासदायक, गैरसोय करणारं असं काही कॉम्प्युटर किंवा मोबाईलवरनं पाठवलं तर ३ वर्षांपर्यंत कैद, आणि यातल्या एकाही शब्दाची व्याख्या नाही. गैरसोय तर काय, सकाळी सहाला गुड मॉर्निंगचे फोटो पाठवणाराही करतो.

मग आला नोव्हेंबर २०१२. मुंबईत एका मोठ्या नेत्याचं निधन झालं, दुसऱ्या दिवशी रविवारी सगळं बंद. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं की माणसं रोज जन्मतात आणि मरतात, जग काही थांबत नाही, आणि हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे. तिच्या मैत्रिणीने ते लाईक केलं. तेव्हा पालघर हा जिल्हा नव्हता, ठाण्यातला तालुका होता, डहाणूपर्यंत लोकलही सुरू झाली नव्हती (ती २०१३ ला आली). म्हणजे सगळे एकमेकांना ओळखणारं गाव. एका मुलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली आणि अटक झाली ती मुलींना, दोघींनाही! पोस्ट टाकणारीला समजा कोणी काही म्हणालं तर एक वेळ ऐकून घेऊ, पण लाईक करणारीने 'पाठवलं' काय? कायद्यात शब्द पाठवणे असा होता. अंगठा दाबणं म्हणजे पाठवणं होतं का, सहमती होते का, की नुसतं 'वाचलं बरं का' होतं, यावर आमच्याकडे चहाच्या टपरीवर जेवढा विचार झाला तेवढा चौकीत झालेला दिसत नाही.

दोघींना जामीन मिळाला, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, पुढे केसही बंद झाली. पण आमच्या भागात त्याचा परिणाम कसा झाला तर लोकांनी लाईक करणंच सोडलं. समोर भेटल्यावर "तुझी पोस्ट वाचली हां" म्हणायचे, पोस्टखाली मात्र चिडीचूप. हे कुठल्या निकालात येत नाही.

जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने कळवलं की या कलमाखाली अटक करायची तर आधी वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी घ्या. माझ्या मते ही मलमपट्टी होती, कारण शब्द तेवढेच ढिले राहिले, फक्त अर्थ लावणारा साहेब मोठा झाला. शेवटी २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने अख्खं कलमच रद्द केलं. त्या निकालात एक भाग मस्त आहे: इंग्लंडमधल्या अशाच शब्दांवरच्या दोन खटल्यांचा दाखला देऊन कोर्ट म्हणतं की मुरलेले न्यायाधीशसुद्धा एकाच मजकुराकडे बघून उलट्या निष्कर्षांवर येतात, मग साध्या माणसाने आणि पोलिसाने काय ओळखायचं. आणि चर्चा, बाजू मांडणं आणि चिथावणी या तीन वेगळ्या गोष्टी धरल्या, पहिल्या दोन कितीही कडू असोत त्यांना हात लावायचा नाही, तिसऱ्याला लावता येतो. त्याच निकालात वेबसाईट ब्लॉक करायचा सरकारचा अधिकार मात्र शाबूत ठेवला, हे सेलिब्रेशनच्या नादात बरेचजण विसरले.

कलम गेलं पण सवय गेली नाही. रद्द झालेल्या कलमाखाली देशात गुन्हे नोंदवले जातच होते, २०२१ मध्ये कोर्टाने त्यावर आश्चर्य व्यक्त केलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट आदेश द्यावे लागले. शिवाय दुसरी कलमं होतीच, धार्मिक भावना, तेढ वगैरे, ती जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात, नव्या नंबरने आलीत. म्हणजे ग्रुपवर "सायबरला देतो" म्हणणारा अगदीच हवेत बोलतो असंही नाही.

दुसरी बाजूही आपल्याच जिल्ह्यातली आहे, ती टाळून चालणार नाही. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये डहाणू तालुक्यात गडचिंचले इथे जमावाने तिघांना मारलं. त्या आधी मुलं पळवणारे, चोर फिरतायत असल्या अफवा मोबाईलवरनं फिरत होत्या. व्हॉट्सअॅपवर एक मेसेज एका वेळी ५ चॅटनाच फॉरवर्ड करता येईल ही मर्यादा २०१८ लाच आली होती, एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेल्या मेसेजला ती एकवर आणली गेली. हे सगळं बघितलेला माणूस "कायपण लिहू द्या" म्हणत नाही, मीही म्हणत नाही. फक्त बंदवर नाराजी आणि ही अफवा, दोन्हींना आपण आक्षेपार्ह हाच एक शब्द लावतो, आणि तिथेच घोळ होतो.

त्या काळात अॅडमिन लोकांची पण पळापळ झाली. अॅडमिन जबाबदार अशी पत्रकं फिरली, मग ग्रुपला कुलूप, फक्त अॅडमिन मेसेज टाकणार. २०२१ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की मेंबरने टाकलेल्या पोस्टसाठी अॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, तरी आमची बरीच कुलपं अजून तशीच आहेत.

आता खासगी. ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सअॅपच्या खासगी माहितीबद्दलच्या नव्या अटी आल्या, दोन आठवडे सगळे "सिग्नलवर या" (ते दुसरं मेसेजचं अॅप) करत होते आणि मग मुकाट परत आले, कारण मच्छीचे भाव आणि मयताची बातमी इथेच येते.

पण गावात खासगी म्हणजे काय हे मला निसर्ग चक्रीवादळानंतर दिसलं. जून २०२० चं वादळ रायगडात धडकलं, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि नंतर नुकसानभरपाईच्या याद्या भिंतीवर लागल्या. त्यांचे फोटो ग्रुपवर: स्टेपल केलेला कागद, कडेला फोटो काढणाऱ्याचा अंगठा, आणि रांगेने नाव, बँक खातं, आयएफएससी (बँकेच्या शाखेचा कोड), रक्कम. खाते नंबर उघडा पडल्याची तक्रार एकाचीही नव्हती, आरडाओरड झाली ती "त्याची चार झाडं पडली, मग ह्याला एवढे कसे" यावर. आणि खरं सांगायचं तर ती आरडाओरड उपयोगी होती, काही नावं त्यामुळेच तपासली गेली. खाते नंबर झाकून यादी लावता आली असती, तेवढं करायला कायद्याचीही गरज नव्हती.

आता २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आलाय. कंपनीने हयगय केली तर २५० कोटींपर्यंत दंड, हे ठीक. पण त्याच कायद्याने माहिती अधिकारातलं एक कलम बदललंय. आधी खासगी माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही असं दाखवावं लागायचं, आणि त्याच कलमात जनहिताचा अपवाद होता. आता तिथे नुसतं 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलंय, जनहितासाठी दुसऱ्या कलमाचा आधार घ्यावा लागतो. घरकुल कुणाला मिळालं, मस्टरवर (मजुरांच्या हजेरीपटावर) कुणाची नावं, हे विचारायला गेलं की आता हे उत्तर तयार. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरच्या बऱ्याच जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिने दिलेत, माहिती अधिकारातला बदल मात्र लगेच लागू झाला.