विजापूर: महालात कचेरी, मशिदीत टपाल

विजापूरच्या (२०१४ पासून अधिकृतपणे विजयपुरा) जुन्या वास्तूंवरून वाद पेटला की सगळ्या बाजू एकच शब्द पुढे करतात: मूळ. मूळ वापर, मूळ मालकी, मूळ स्वरूप. गोलघुमट कोणाचा, आदिलशाहीचा आपल्या इतिहासाशी संबंध काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्यानंतरचं मात्र सांगायला हवं, कारण आजचा गुंता बराचसा सुलतान गेल्यावर, कचेऱ्यांच्या काळात झाला आहे.

तशी वापर बदलण्याची रीत इथे आदिलशाहीपेक्षाही जुनी. बालेकिल्ल्यातली करीमुद्दीनची मशीद १३२० ची, आणि तिचे खांब देवळांचे आहेत. १६८६ मध्ये शहर पडलं, मग मोगल आले, निजाम आला, १७६० मध्ये पेशव्यांचा अंमल बसला. महालांचं सागवानी काम उतरवून नेलं गेलं त्यात या शेवटच्या अमलाचा हात मोठा होता. आपल्याकडे हे फारसं कोणी सांगत नाही. १८१८ नंतर मुलूख सातारच्या छत्रपतींकडे गेला आणि १८४८ मध्ये ते राज्य खालसा झाल्यावर कंपनीकडे. तोवर विजापूर म्हणजे मोठमोठ्या घुमटांखाली आणि पडक्या भिंतींत विखुरलेलं एक लहान गाव उरलं होतं.

कलाटणी मिळाली ती आगगाडीमुळे. १८८४ मध्ये होटगी-गदग मीटरगेज रेल्वे विजापुरातून गेली आणि पुढच्याच वर्षी जिल्ह्याचं ठाणं कलादगीहून इथे हलवलं गेलं. जिल्हा मुंबई इलाख्यातला. ठाणं आलं म्हणजे कलेक्टर, सर्जन, इंजिनिअर, टपाल, खजिना, आणि या सगळ्यांना छप्पर हवं. नव्या इमारती बांधायला पैसा आणि वेळ लागतो. इथे छपराविना उभे असलेले जाडजूड भिंतींचे महाल आयतेच होते. चिनी महालात (मातीच्या ढिगाऱ्यात चिनी भांड्यांचे तुकडे सापडले म्हणून हे नाव) जिल्ह्याच्या कचेऱ्या बसल्या. आनंद महालात साहेबाचं बिऱ्हाड लागलं, अरश महालात सिव्हिल सर्जनचं. गावातल्या एका मशिदीत टपाल कचेरी होती आणि गोलघुमटाशेजारच्या मशिदीत प्रवाशांचा डाकबंगला. नगरलाही हेच झालं होतं. ज्याला लोक अजून चांदबिबीचा महाल म्हणतात ती सलाबतखानाची कबर, आणि तिथे गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यधाम काढलं होतं.

या निर्णयावर तेव्हापासून टीका होत आली आहे आणि ती खोटी नाही. कमानी विटांनी बुजवल्या, चुन्यावर चुना चढला, दालनांत आडभिंती घालून खोल्या पाडल्या. पण दुसरी बाजू मला जास्त पटते. ज्या महालात कारकून बसला त्याचं छप्पर दर पावसाळ्याआधी कोणीतरी पाहिलं. ज्यात कोणी बसला नाही त्याच्या सांध्यात पिंपळ रुजला. सातमजली महाल बघा, किती मजले उरलेत ते मोजा. कचेरीने विजापूरचे महाल बिघडवले खरे, पण बिघडवायला ते उरले तरी. गगन महालाच्या वाट्याला कचेरी आली नाही. आज त्याची प्रचंड कमान आभाळाकडे उघडी आहे आणि प्रवासी तिचेच फोटो काढतात, हा भाग वेगळा.

विसाव्या शतकाच्या तोंडावर तेव्हाचे व्हाइसरॉय दौऱ्यावर आले आणि मशिदींतला हा संसार पाहून चिडले. अहमदाबादेत सिदी सय्यदच्या जाळीच्या मशिदीत मामलेदार कचेरी चालत होती. तिथून ती हलवायला लावली. विजापुरातल्या मशिदींतूनही सरकारी बिऱ्हाडं उठली. महालांतल्या कचेऱ्या मात्र जागच्या जागी राहिल्या. माझ्या मते पुढचा सगळा घोळ या एका फरकात दडलेला आहे. प्रार्थनास्थळ असेल तर सरकारने बाहेर व्हायचं, राजवाडा असेल तर खुशाल खुर्च्या मांडायच्या. मशिदीत पुन्हा अजान व्हावी असा त्यामागचा आग्रह दिसत नाही. इमारतीची शोभा आणि आब राहावी, एवढाच दिसतो.

मग हाच फरक कायद्यात उतरला. प्राचीन स्मारकांच्या रक्षणासाठी केलेल्या १९०४ च्या कायद्यात तो आला आणि त्याच विषयावरच्या १९५८ च्या कायद्याने पुढे चालवला. कलम १६ चा आशय असा की केंद्राने राखलेलं स्मारक प्रार्थनास्थळ असेल तर त्याच्या ‘स्वरूपाशी विसंगत’ वापर करता येणार नाही. १९५९ च्या नियमांत आणखी एक पाचर आहे: स्मारकात परवानगीशिवाय सभा-समारंभ नकोत, पण मान्य धार्मिक रूढीने होणारे चालतील. वाचताना सगळं सरळ वाटतं. पण स्वरूप म्हणजे कोणत्या तारखेचं? बांधलं तेव्हाचं, संरक्षित यादीत आलं तेव्हाचं, की मधल्या एखाद्या शतकातलं?

या प्रश्नावर आसार महालापाशी येऊन सगळ्यांची बोलती बंद होते. सतराव्या शतकाच्या मध्यावर बालेकिल्ल्याच्या खंदकाला लागून ही इमारत उठली ती दाद महाल म्हणून, म्हणजे न्याय मागायला यायची जागा. पुढचा भाग सागवानी खांबांवर उघडा, समोर हौद, माडीवरच्या दालनांत भिंतीभर चित्रं, त्यांत माणसांचीही. पूर्वी पवित्र अवशेष बालेकिल्ल्यातल्या एका इमारतीत होते. ती जळाली आणि पैगंबरांचे केस म्हणून जपलेले अवशेष इथे आणले गेले. आसार म्हणजे मागे राहिलेल्या खुणा. इमारतीचं नावच त्यांच्यावरून पडलं. तेव्हापासून ती दर्ग्यासारखी पाळली जाते, उरूस भरतो, आत बायकांना प्रवेश नसतो.

आता सांगा, विसंगत काय? न्यायालय म्हणावं तर अवशेषच उपरे ठरतात. अवशेषांची जागा म्हणावी तर भिंतीवरची माणसांची चित्रं अडचणीची. आणि बायकांना बंदी ही त्या इमारतीची ‘मूळ’ रीत म्हणून कोणी पुढे केली, तर दाद मागायला आलेल्या बाईला तेव्हा कुठे उभं करत होते, हेही विचारावं लागेल. आसार महाल आज जे काही आहे ते वापर बदलल्यामुळेच आहे. मूळच धरून बसायचं तर त्याचं नावसुद्धा बदलावं लागेल.

कबरींचं तर आणखी वेगळं. गोलघुमट ही कबर, पण शेजारी मशीद, समोर नगारखाना, आणि नगारखान्यात १८९२ पासून संग्रहालय. तिकीट काढून लोक घुमटाखाली हाळ्या घालायला जातात. कबर हे प्रार्थनास्थळ आहे का, याचं उत्तर विचारणाऱ्यावर अवलंबून असतं. जामा मशिदीत मात्र नमाज चालू आहे आणि तिच्याबद्दल फारसा प्रश्नच उठत नाही.

हे सगळं संथपणे चाललं होतं. १९५८ च्या कायद्याला २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढे २०० मीटर नियंत्रण आलं, त्यावर गावात कुरकुर झाली. दख्खनी सुलतानांच्या वास्तू २०१४ मध्ये जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेल्या. मग २०२४ च्या अखेरीस बातम्या आल्या की २००५ मध्येच इथली ४३ संरक्षित स्मारकं वक्फ म्हणून नोंदवली गेली आहेत, त्यांत गोलघुमट आणि इब्राहिम रोजाही. स्मारकं राखणाऱ्या केंद्रीय पुरातत्त्व खात्याने हरकत घेतली, नोंदवणाऱ्यांनी कागद असल्याचं सांगितलं. बहुतेक चर्चा मालकीवर झाली, वापर बाजूलाच राहिला.

२०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्याने त्यावर एक कलम घातलं: घोषणा झाली त्या वेळी मिळकत १९०४ किंवा १९५८ च्या कायद्याखाली संरक्षित असेल तर ती घोषणा रद्दबातल. म्हणजे इथेही निकाल तारखेवरच. २००५ च्या नोंदी या कसोटीवर टिकणं कठीण दिसतं. आसार महालाच्या उरसाला मात्र नोंदीचा आधार लागत नाही. त्याला १९५९ च्या नियमांतली ‘मान्य रूढी’ पुरते, आणि त्या पाचरीला अजून कोणी हात लावलेला नाही.