मानव-संगणक आंतरक्रियेचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम

संगणक, मोबाइल, एटीएम यांसारखी यंत्रे माणसे प्रत्यक्षात कशी वापरतात आणि ती वापरायला सोपी कशी करायची, हे काही तासांपासून तीन-चार महिन्यांपर्यंतच्या मुदतीत शिकवणारे प्रशिक्षणवर्ग. विषयाचे शास्त्रीय नाव मानव-संगणक आंतरक्रिया. आयटी कंपन्यांत मात्र सगळे ‘यूएक्स’ (यूजर एक्सपीरियन्स, म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव) म्हणतात आणि वर्गालाही ‘यूएक्सचा कोर्स’ हेच नाव रुळले आहे. येणाऱ्यांत प्रोग्रामर, ग्राफिक डिझायनर, टेस्टिंगवाले, प्रॉडक्ट मॅनेजर असे सगळेच असतात. नोकरी सोडून दोन वर्षे पुन्हा कॉलेजात बसणे त्यांतल्या बहुतेकांना परवडत नाही.

अमेरिकेतील गेथर्सबर्ग येथे १९८२ साली या विषयाची पहिली मोठी परिषद भरली आणि त्याच वर्षी ‘एसीएम’ या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेत त्यासाठी ‘सिगची’ हा स्वतंत्र गट स्थापन झाला. पुढे दरवर्षीच्या परिषदेत शोधनिबंधांच्या जोडीला काही तासांचे पाठही होऊ लागले. पण छोट्या कोर्सला खरा आधार मिळाला तो वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांच्या १९८९ सालच्या मांडणीतून. एकतर्फी काचेची प्रयोगशाळा आणि महागडी उपकरणे नसली तरी चालेल; कागदावर काढलेले पडदे (स्क्रीन), मोजकी माणसे आणि कान उघडे ठेवणारा निरीक्षक एवढ्यावर बरेच काम भागते, असे त्यांनी सांगितले. वर्षभराने रॉल्फ मॉलिक यांच्यासोबत त्यांनी ठरावीक तत्त्वांच्या कसोटीवर पडदा तपासण्याची पद्धत दिली. तिची दहा कलमी यादी १९९४ पासून वापरात आहे. शिकवायची गोष्टच अशी आटोपशीर झाल्यावर ती आठवड्यात बसू लागली.

आठवड्याचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. आधी वापरणाऱ्याच्या कामाच्या जागी जायचे. कॅरन होल्ट्झब्लाट यांनी रुजवलेल्या पद्धतीप्रमाणे तिथे साहेब म्हणून नव्हे, शिकाऊ उमेदवार म्हणून बसायचे. ‘तुम्हाला काय हवे?’ असे न विचारता माणूस काम कसे करतो ते पाहायचे: कुठे वही काढतो, कुठे शेजाऱ्याला हाक मारतो. परत आल्यावर एकेक निरीक्षण एकेका चिठ्ठीवर लिहून भिंतीवर चिकटवायचे आणि सारख्या चिठ्ठ्यांचे पुंजके करायचे. ही भिंत पाहून अनेकांना ती एखाद्या कॅलिफोर्नियाच्या कंपनीची कल्पना वाटते. तिचे मूळ जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांच्या पद्धतीत आहे. हिमालयातील क्षेत्रकार्यात जमलेल्या टिपणांच्या ढिगाऱ्यातून अर्थ काढण्यासाठी ती उपयोगी पडली.

मग येते चाचणीची दुपार. समोर एक अनोळखी माणूस, त्याच्यापुढे कागदी पडदे. संघातला एक जण ‘संगणक’ होतो. पाहुण्याने कागदावरच्या बटणावर बोट ठेवले की तो मुकाट्याने पुढचा कागद सरकवतो. दुसरा काम सांगतो, तिसरा टिपून घेतो. पाहुण्याने मनात येईल ते बोलत राहायचे. ही ‘मोठ्याने विचार’ करण्याची पद्धत आयबीएममधील क्लेटन लुइस यांनी १९८२ मध्ये या क्षेत्रात आणली. नियम साधा, पाळायला महाकठीण: मदत करायची नाही. पाहुणा भलत्याच कागदावर घुटमळतो आणि ज्याने पडदा काढला त्याची जीभ वळवळू लागते. ‘अहो, वर कोपऱ्यात आहे ना ते!’ एवढे तोंडून निसटले की चाचणी वाया गेली. काम सांगतानाही जपावे लागते. बटणावर ‘तक्रार नोंदवा’ असे लिहिले असेल, तर तोंडाने ‘तक्रार नोंदवा’ म्हणायचे नाही. ‘नळाला चार दिवस पाणी नाही, आता काय कराल?’ असे विचारायचे. हे वाचून कळते, पण केल्याशिवाय जमत नाही. ज्या कोर्समध्ये ही दुपारच नाही, नुसत्या स्लाइड आणि फिग्मा या पडदे आखायच्या सॉफ्टवेअरचे धडे आहेत, त्याला चित्रकलेचा वर्ग म्हणावे.

माणसे किती बोलवायची? नील्सन आणि टॉम लँडावर यांच्या १९९३ च्या गणितानुसार एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के दोष दिसतात, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के. ‘पाच माणसे’ हा आकडा तेव्हापासून पाढ्यासारखा घोकला जातो. गंमत अशी की, नील्सन यांचे सहकारी मॉलिक यांनीच नंतर एकच संकेतस्थळ वेगवेगळ्या संघांकडून तपासून घेतले. हॉटमेल या ईमेल सेवेची तपासणी केलेल्या नऊ संघांनी मिळून ३१० दोष शोधले. त्यांतले तीन-चतुर्थांश केवळ एकेका संघालाच दिसले होते आणि नऊही संघांना सापडलेला एकही दोष नव्हता. पाचाच्या सूत्राबरोबर शिक्षक हेही सांगतो का, यावरून त्याची पारख होते.

ऑनलाइन वर्गांची लाट २०१२ नंतरची. त्या वर्षी स्टॅनफर्डचे स्कॉट क्लेमर यांनी कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर हा विषय शिकवला. हजारोंच्या वह्या तपासणार कोण, यावर विद्यार्थ्यांनीच एकमेकांच्या तपासायच्या असा तोडगा निघाला. भारतात आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमात चार, आठ वा बारा आठवड्यांचे अभ्यासक्रम फुकट पाहता येतात. पैसे भरायचे ते प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. गूगलचे यूएक्स प्रमाणपत्र २०२१ चे. अशा कोर्समधून निघणारे पोर्टफोलिओ (स्वतःच्या कामाचे नमुनासंच) मात्र एका साच्यातून काढल्यासारखे दिसतात, अशी मुलाखती घेणाऱ्यांची तक्रार असते आणि ती रास्त आहे.

पवईच्या आयआयटी मुंबईत १९६९ साली स्थापन झालेले औद्योगिक अभिकल्प केंद्र, आताचे ‘आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन’, नोकरदारांसाठी असे छोटे वर्ग घेत आले आहे. परदेशी पद्धत इथे जशीच्या तशी लागू पडत नाही, हे मुंबईत यूएक्सचे काम करणाऱ्या अपला लाहिरी चव्हाण यांनी ओळखले. आपल्याकडचा पाहुणा यजमानाच्या वस्तूला नावे ठेवायला संकोचतो. अडखळला तरी ‘छान आहे’ म्हणून मोकळा होतो. त्यावर त्यांनी चाचणीलाच हिंदी सिनेमाचे कथानक जोडले: लाडक्या भाचीचे लग्न ठरले आहे, नवरदेव भाडोत्री मारेकरी निघाला, शिवाय आधीच विवाहित; पुरावा तुमच्याकडे आहे, त्याच्या बायकोला घेऊन ताबडतोब बेंगळुरूचे विमान गाठायचे आहे, तिकीट काढा! भाचीचा जीव टांगणीला लागल्यावर माणसे भीड सोडून संकेतस्थळावर मनसोक्त चिडली.

देवनागरीचे प्रश्न त्याहून वेगळे. आयडीसीमध्येच अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी घडवलेल्या ‘स्वरचक्र’ या कळफलकात व्यंजनावर बोट ठेवले की भोवती बाराखडीचे चक्र उमटते आणि हव्या त्या मात्रेकडे बोट सरकवायचे असते. मराठी कळफलक तपासायचा सराव वर्गात करायचा झाल्यास ‘कमळ’, ‘बदक’ असले शब्द देऊन उपयोग नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द लागोपाठ लिहायला द्यावेत आणि गप्प बसून पाहावे.