तुमच्या सॉफ्टवेअरखाली कुठली बेस इमेज आहे?

आम्ही बसवून दिलेलं बिलिंग, दूध संकलन किंवा वजनकाट्याचं सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये, म्हणजे लागणाऱ्या फाइलींसकट बांधलेल्या वेगळ्या कप्प्यात चालतं. कंटेनर ज्या साच्यावरून बनतो त्याला इमेज म्हणतात. त्यात आमचा प्रोग्रॅम वरच्या थरात असतो. खालच्या थरात लिनक्सच्या गरजेपुरत्या फाइली आणि लायब्ररी असतात, तीच बेस इमेज. ती आम्ही लिहीत नाही. डेबियन, उबंटू, अल्पाइन अशा प्रकल्पांकडून तयार घेतो. कोटेशनमध्ये तिची वेगळी ओळ नसते, म्हणून सहसा कोणी विचारत नाही. पण सॉफ्टवेअर आमच्याकडून घ्या किंवा दुसऱ्याकडून, हे जरूर विचारा.

लहान म्हणजे चांगली?

अल्पाइनचं डाउनलोड जेमतेम चार एमबीचं, डेबियन स्लिमचं, म्हणजे डेबियनच्या छाटलेल्या इमेजचं, तीसेक एमबीचं. खानापूरच्या जंगलपट्ट्यात नेट रडतखडत चालतं, तिथे हा फरक मोठा वाटतो. तरीही आम्ही बहुतेक ठिकाणी डेबियन स्लिमच वापरतो. प्रोग्रॅम चालायला लागणारी मूळ सी लायब्ररी बहुतेक लिनक्समध्ये ग्लिबसी असते, अल्पाइनमध्ये तिच्याऐवजी मसल नावाची असते. वजनकाटा किंवा प्रिंटरसोबत कंपनीकडून आलेला तयार प्रोग्रॅम बहुधा ग्लिबसीसाठी बनवलेला असतो आणि अल्पाइनवर तो सुरूच होत नाही. शिवाय तुमची तिन्ही सॉफ्टवेअर एकाच बेसवर असली, तर तो थर सर्व्हरवर एकदाच उतरतो, म्हणजे आकाराचा मुद्दा निम्मा तिथेच मिटतो.

डिस्ट्रोलेस नावाच्या आणखी छाटलेल्या इमेजमध्ये शेलसुद्धा (आज्ञा टाइप करून काम करायची सोय) नसतो. सुरक्षेला ते उत्तम, पण रात्री काटा अडला की आत शिरून बघायची सोय राहत नाही. इंटरनेटवर उघड्या असलेल्या सेवांसाठी आम्ही ती सुचवतो, काट्यासाठी नाही.

आपल्या भागातल्या दोन अडचणी

पहिली फॉन्टची. स्लिम इमेजमध्ये देवनागरी आणि कन्नड फॉन्ट नसतात. पावती स्क्रीनवर नीट दिसते, कारण तिथे तुमच्या संगणकाचे फॉन्ट कामाला येतात. पण सर्व्हरवर पीडीएफ तयार झाली की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटतात. निपाणी, चिकोडीकडच्या ग्राहकांना पावती दोन्ही भाषांत लागते, म्हणून दोन्हींचे नोटो फॉन्ट आम्ही इमेज बनवतानाच घालतो. इमेज थोडी फुगते, फुगू दे.

दुसरी घड्याळाची. बेस इमेज सहसा यूटीसी वेळेवर असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दुकान दहाला उघडत असेल तर तारखेचा घोळ लक्षातही येत नाही. डेअरीत मात्र पहाटे सव्वापाचला घातलेल्या दुधाची नोंद आदल्या रात्री पावणेबाराची होते आणि उत्पादकाचा हिशेब एक दिवस सरकतो. त्यामुळे भारतीय वेळ लावल्याशिवाय आमची इमेज बाहेर पडत नाही. दुसऱ्या कोणी बसवलेली असेल, तर पहाटेची एक पावती काढून तारीख तपासा.

पॅच आपोआप येत नाहीत

डेबियनने लायब्ररीतली चूक सुधारणारा पॅच काढला, तरी तुमचा चालू कंटेनर जुनाच राहतो. नव्या बेसवर इमेज पुन्हा बनवून कंटेनर बदलावा लागतो. चालू कंटेनरमध्येच अपडेट मारलं, तर पुढच्या वेळी कंटेनर नव्याने बनवताना ते पुसलं जातं. इमेज पुन्हा बनवायचं काम आम्ही दर महिन्याला करतो आणि त्याआधी ट्रिव्ही या चुका शोधणाऱ्या साधनाने इमेज स्कॅन करतो. गंभीर चूक निघाली, तर महिना संपायची वाट बघत नाही. तुमचा डेटा वेगळ्या व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनरबाहेरच्या जागेत असल्याने कंटेनर बदलला तरी त्याला धक्का लागत नाही.

स्कॅनच्या अहवालात लांबलचक यादी आली म्हणून घाबरू नका. त्यातल्या कित्येक चुका तुमचा प्रोग्रॅम वापरतच नाही अशा भागातल्या असतात. बेसची मुदतच संपलेली असेल, तर मात्र घाबरा. सेंटओएस ७ या लिनक्सचे अपडेट ३० जून २०२४ रोजी बंद झाले. त्यावरचं सॉफ्टवेअर आजही बिनबोभाट चालेल, पण नव्या चुकांवर उपाय कुठूनच येणार नाही.

‘लेटेस्ट’ टॅग आम्ही वापरत नाही. त्या नावाखाली आज एक इमेज असते, उद्या दुसरी. आम्ही डायजेस्ट, म्हणजे त्या एकाच इमेजचा न बदलणारा ओळख-क्रमांक नोंदवतो, त्यामुळे नेमकी कुठली इमेज चालू आहे हे कधीही सांगता येतं. अर्थात डायजेस्ट बांधला की नवा पॅचही आपोआप येत नाही. तो दर महिन्याला आम्हीच बदलतो.

मोठा बदल, म्हणजे डेबियनच्या बाराव्या आवृत्तीवरून तेराव्यावर जाणं, वजनकाट्याच्या ग्राहकांकडे गळीत हंगाम आटोपल्यावरच होईल. हंगामात फक्त सुरक्षेचे पॅच, तेही फोनवर तुमची वेळ विचारून. त्या वेळी जुनी इमेज सर्व्हरवर ठेवलेली असते; काही बिनसलं, तर तिच्यावर परत येतो.