ओतलेला ठोकळा आणि ठेवलेला ठोकळा

गच्चीवरच्या सोलर पॅनेलच्या कोटेशनवर लिहिलेलं असतं, ‘नो ड्रिल, बॅलास्ट टाइप स्ट्रक्चर’. सोसायटीची कमिटी ते वाचून निर्धास्त होते. आठवड्याभराने गच्चीवर जाऊन बघावं, तर गवंडी कोब्यावर, म्हणजे पाणी अडवायला स्लॅबवर घातलेल्या विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या थरावर, फळ्यांची चौकट मांडून त्यात काँक्रीटचा माल ओततोय. हे बॅलास्ट नव्हे. वॉटरप्रूफिंगच्या कामांवर देखरेख करताना हा प्रकार मी इतक्या गच्च्यांवर पाहिला आहे, की आता एकदा नीट लिहून काढतो.

गोंधळ होतो कारण लांबून दोन्ही सारखेच दिसतात. वर पॅनेल, खाली जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) पाय, पायांखाली काँक्रीटचे ठोकळे. पण एक ठोकळा जागेवर ओतलेला असतो, दुसरा खाली तयार करून वर आणून नुसता ठेवलेला. ओतलेला तो पेडेस्टल, ठेवलेला तो बॅलास्ट.

पेडेस्टल तुम्हाला माहीत आहे. शेजारच्या इमारतीवर, शाळेवर, बँकेवर तोच दिसतो. बोल्ट आत गाडून ठोकळा ओततात, त्यावर पाय कसतात. त्यावर जास्त लिहायची गरज नाही. खर्चातला फरकही फार मोठा नाही. पॅनेलचा कल बॅलास्टमध्ये साधारण १० अंशांवर ठेवतात, पेडेस्टलवर थोडा जास्त ठेवता येतो. आपल्या अक्षांशावर त्याने वर्षाच्या विजेत एक-दोन टक्क्यांचा फरक पडतो. त्यावर कमिटीच्या मीटिंगमध्ये तासभर वाद घालू नका.

खरा प्रश्न हा, की वारा पॅनेल उचलायला लागला तर त्याला खाली धरून काय ठेवतं?

ठेवलेल्या ठोकळ्यात उत्तर सरळ आहे: वजन. काँक्रीट घनमीटरला सुमारे २४०० किलो भरतं, म्हणजे लांबी, रुंदी, उंची तिन्ही ३० सेंटीमीटर असलेला ठोकळा ६५ किलोंचा. असे ठोकळे पट्ट्यांनी एकमेकांना जोडले, की सगळी रांग मिळून वाऱ्याला तोंड देते. गच्चीशी कशाचाही जोड नाही, म्हणून गच्चीच्या थराला काही करायची गरज नाही.

ओतलेल्यात उत्तर आहे पकड. आणि पकड घ्यायची म्हणजे खालच्या थराला हात लावावाच लागतो. घोटून गुळगुळीत केलेल्या कोब्याला नवा माल धरत नाही, म्हणून गवंडी छिन्नीने टाचे मारून तेवढी जागा खडबडीत करतो. पाणी अडवण्याचं काम कोब्यात मुख्यतः तो वरचा घोटलेला थरच करतो, आणि नेमका तोच फोडला जातो. ड्रिल लागलं नाही हे खरं. पण २४ पायांच्या जागी २४ ठिकाणी वॉटरप्रूफिंग उघडं पडलं. वर ओतलेला ठोकळा सुकताना थोडा आकसतो आणि त्याच्या कडेने केसाएवढी फट राहते. जूनमध्ये पाणी तिथून आत जातं आणि विटांच्या तुकड्यांमध्ये मुरतं. कोबा स्पंजासारखा असतो. पाणी शिरतं टाकीपाशी, ओल दिसते तिसऱ्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये, आणि मग सोलरवाला म्हणतो, आमचं स्ट्रक्चर तर तिकडे आहे.

अँकर फास्टनर, म्हणजे ड्रिल करून भोकात ठोकायचा बोल्ट, मारला तर आणखी वाईट. कोबा चार ते सहा इंच जाड असतो. त्यात १०० मिलीमीटरचा फास्टनर मारला तर तो स्लॅबपर्यंत पोचतच नाही, विटांच्या तुकड्यांत अडकून राहतो. भोकही पडलं आणि पकडही मिळाली नाही. भोवती सिलिकॉन फासून ‘सील केलंय’ म्हणणाऱ्यांचं मला कधीच पटलेलं नाही. ऊन खाऊन सिलिकॉन सुटतं, आणि वाऱ्याने हलणाऱ्या बोल्टभोवती तर लवकरच सुटतं.

डांबराच्या शीटवर, म्हणजे एपीपी मेम्ब्रेनवर, ओतणं हा तर शुद्ध अविचार आहे. तिथे ठोकळा स्लॅबला चिकटतच नाही, चिकटलाच तर शीटला चिकटतो. वाऱ्याने ओढ बसली की शीटच सुटून वर येते.

म्हणून ‘ड्रिल करणार का?’ हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. विचारायचं ते असं: ‘काम झाल्यावर हा ठोकळा दोन-तीन माणसं उचलून बाजूला ठेवू शकतील का?’ हो असेल तर ते बॅलास्ट. नाही असेल तर कोटेशनवर काहीही लिहिलेलं असो, ते पेडेस्टल.

पेडेस्टल वाईट आहे असं मी म्हणत नाही. गच्ची वापरात ठेवायची म्हणून सात-आठ फूट उंच मांडव करायचा असेल, तर पेडेस्टलच हवं. तेवढ्या उंच मांडवाला नुसत्या ठेवलेल्या वजनावर उभं करणं माझ्या मते धोक्याचं आहे. पण मग क्रम पाळा. कोबा काढून स्लॅब उघडी असताना, सळईचा जोड घेऊन पेडेस्टल ओतायचं, आणि वॉटरप्रूफिंग नंतर करायचं. थर पेडेस्टलच्या अंगावर निदान सहा इंच चढवायचा, बुडाशी कठड्याला देतो तशी वाटा, म्हणजे कोपरा भरून केलेली गोलाई, द्यायची. ओतायचं ते वॉटरप्रूफिंगच्या आधी, ठेवायचं ते वॉटरप्रूफिंगच्या नंतर. सोसायट्या नेमकं उलटं करतात. या वर्षी वॉटरप्रूफिंग, पुढच्या वर्षी सबसिडीचं सोलर, आणि नव्याकोऱ्या थरावर ओतलेले ठोकळे.

आता ठेवलेल्या ठोकळ्याकडे. इथे लोक वेगळ्याच गोष्टीला घाबरतात: एवढ्या वजनाने मेम्ब्रेन दबेल. हिशोब करून बघू. ६५ किलोंचा ठोकळा आणि त्यावर आलेला पॅनेल-पायांचा वाटा २० किलो, असे ८५ किलो ९०० चौरस सेंटीमीटरवर पसरतात. म्हणजे चौरस सेंटीमीटरला १०० ग्रॅमही नाही. ७० किलोंचा माणूस गच्चीवर उभा राहिला तर दोन तळव्यांखाली याच्या जवळपास दुप्पट दाब येतो. सपाट बुडाच्या ठोकळ्याचं वजन मेम्ब्रेनला मारत नाही. मारतात त्या दुसऱ्या तीन गोष्टी.

पहिली, खडा. दोन वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका गच्चीवर गळती शोधताना आम्ही एक ठोकळा उचलला. खाली डांबराच्या शीटवर वाटाण्याएवढा खडीचा तुकडा अर्ध्यापर्यंत रुतलेला होता. तो पेन्सिलीच्या टोकाने काढला तर खाली कोब्याचा पांढुरका रंग दिसला, शीट आरपार. सगळा भार त्या एका टोकावर, आणि मे महिन्याच्या उन्हात मऊ पडलेलं डांबर. ठोकळा मांडायच्या आधी केरसुणी फिरवली असती तर हे झालं नसतं. मी आता झाडण्यावर थांबत नाही, प्रत्येक जागेवरून तळहात फिरवायला लावतो.

दुसरी, घासणं. दहा मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी पहाटेपासून दुपारपर्यंत ४० अंशांनी तापली की सुमारे ९ मिलीमीटर लांबते, जीआयची असली तर ५ मिलीमीटर. रात्री पुन्हा आखडते. ठोकळे तिला घट्ट बांधलेले असतील तर ते रोज तेवढे मागेपुढे सरकतात. मेम्ब्रेनवर रोज पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच ते. म्हणून लांब पट्ट्या मध्ये तोडून जोडाला खेळ ठेवावा लागतो आणि ठोकळ्याखाली जाड पॅड लागतो. पॅड ठोकळ्यापेक्षा चारी बाजूंनी थोडा मोठा हवा आणि तो मेम्ब्रेनला चिकटवायचा नाही. जुन्या टायरचे तुकडे पॅड म्हणून चालवून घेऊ नका. त्यातली तार बाहेर येते. डांबराऐवजी पीव्हीसी प्लास्टिकची मेम्ब्रेन असेल तर डांबर आणि काही रबरं त्यातला मऊपणा ओढून घेतात आणि तेवढ्या जागी ती कडक होऊन तडकते. तिथे मेम्ब्रेन बनवणाऱ्याने चालेल असं लिहून दिलेलाच पॅड वापरायचा.

तिसरी, पाणी. गच्चीला ढाळ असतो, आणि ठोकळ्यांची रांग ढाळाला आडवी लावली की बांध तयार होतो. मागे पाणी तुंबतं, गाळ बसतो, शेवाळ धरतं, पिंपळाचं रोप उगवतं. पिंपळाचं मूळ मेम्ब्रेनचं काय करतं ते सांगायला नको. ठोकळ्यांमध्ये हातभर मोकळी जागा, पॅडच्या खालच्या बाजूला खाचा, आणि पाण्याच्या पाइपच्या तोंडापाशी काहीच नाही, एवढं पाळायचं.

राहिला वारा. भारतीय मानक आयएस ८७५, भाग ३ मध्ये वाऱ्याचा मूळ वेग पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर आहे, मुंबई आणि नागपूरसाठी ४४. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ३९ ला चौरस मीटरला सुमारे ९३ किलो, ४४ ला ११८. हल्लीचं ५४० वॅटचं पॅनेल अडीच चौरस मीटरच्या पुढे असतं, म्हणजे मुंबईत एका पॅनेलच्या क्षेत्रावर ३०० किलोंच्या घरातला दाब. हे सगळं उचल म्हणून येत नाही. कमी कल, मागून बंद केलेली पाठ आणि आजूबाजूच्या रांगा यांनी ते बरंच उतरतं. उलट इमारत उंच असेल तर, आणि कोपऱ्यात-कडेला, ते वाढतं. म्हणून ‘प्रत्येक पॅनेलला दोन ठोकळे’ हा सरसकट नियम मी मानत नाही. मधल्या रांगेला ते जास्त होतील, कोपऱ्याला कमी पडतील. कोणत्या ठोकळ्याचं वजन किती, हा नकाशा इंजिनिअरच्या सहीने मागा. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पत्रे कसे उडाले ते कोकणात सगळ्यांनी पाहिलं आहे. आणि वजनासाठी वाळूची पोती किंवा पाण्याचे कॅन ठेवू देऊ नका. प्लास्टिकची पोती उन्हाने फाटतात, वाळू पाइपात जाते आणि वजन निघून जातं.

स्लॅबचा विचार वेगळा करायचा. जिथे माणसं जातात अशा सपाट छतासाठी मानकात चौरस मीटरला १५० किलो वापरभार धरतात. पॅनेल, पट्ट्या आणि दोन ठोकळे मिळून सरासरी ७० किलोंच्या आसपास येतात, तेव्हा एरवी अडचण नसते. पण जुन्या इमारतींत कोब्यावर कोबा घातलेला असतो, आणि चार इंचांचा एक थर चौरस मीटरला २०० किलोंच्या घरात जातो. असे दोन थर असतील तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग सोलर.

आणि एक जागा, जिथे चांगलं काम करणारेही चुकतात. सगळे ठोकळे पॅडवर व्यवस्थित ठेवतात, आणि मग आकाशातली वीज झेलणाऱ्या वीजरोधकाचा खांब चार बोल्टांनी थेट गच्चीत कसतात. अर्थिंगच्या पट्टीच्या क्लिपा आणि केबल ट्रेचे पाय दर मीटरला स्क्रूने कोब्यात. पॅनेलसाठी एकही भोक नाही आणि बाकीच्यांसाठी साठ. खांबालाही ठोकळ्याचंच बूड द्या, किंवा तो कठड्याच्या बाहेरच्या अंगाला धरा. पट्ट्या-केबली कठड्याच्या आतल्या अंगाने, बुडाच्या त्या गोलाईच्या वरून न्या.

काम सुरू व्हायच्या आधी गच्चीत ४८ तास पाणी उभं करून खालच्या घरांतली छतं तपासा आणि फोटो तारखेसह ठेवा. ठोकळे मांडून झाल्यावर पुन्हा तेच. बिलाचा शेवटचा हप्ता दुसऱ्या चाचणीनंतर द्या. प्रत्येक ठोकळ्यावर ऑइल पेंटने नंबर घाला आणि नकाशाची एक प्रत सेक्रेटरीच्या फाइलमध्ये ठेवा. पहिला पावसाळा गेला की दिवाळीच्या सुमारास कोपऱ्यातला एक ठोकळा आणि पाइपाजवळचा एक, असे दोन उचलून खाली बघा.