गट आपल्यातल्या सर्वांत हुशार माणसापुढे जात नाही, हा समज

गटाने एखादा प्रश्न सोडवला, की खरे डोके एकाचेच चालले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या, असे सर्रास धरले जाते. हे सरसकट खरे नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक लाफलिन व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन, चार आणि पाच जणांच्या गटांनी, एकेकट्याने काम करणाऱ्या तितक्याच व्यक्तींपैकी सर्वोत्तम व्यक्तीलाही मागे टाकले. दोघांच्या जोडीला मात्र ते साधले नाही.

कोडे असे होते: ‘ए’ ते ‘जे’ या दहा अक्षरांमागे ० ते ९ हे अंक दडवलेले; अक्षरांचे समीकरण मांडायचे, उत्तरही अक्षरांतच मिळणार, त्यावरून अंदाज बांधून तो तपासायचा. दोनच अक्षरांची बेरीज मागणारा थोडेच शिकतो. दहाही अक्षरांची बेरीज मागितली, तर ती ४५ असणारच. म्हणून उत्तर ‘जीसी’ आले, की ‘जी’ ४ आणि ‘सी’ ५ हे एका फटक्यात कळते. अशी युक्ती एकाला सुचली, तरी ती बरोबर असल्याचे इतरांना तिथल्या तिथे पटवता येते, आणि चुकीचा अंदाज कोणीतरी वेळीच अडवतो.

जिथे उत्तर असे पडताळता येत नाही, तिथे हा लाभ गृहीत धरू नये. नुसत्या कल्पना सुचवण्याच्या कामात तर येल विद्यापीठातील १९५८ च्या प्रयोगात सुटे बसलेले चौघेच एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा सरस ठरले होते.