बंडलवेअर आणि मोफत सॉफ्टवेअरची सुरक्षित निवड

बंडलवेअर म्हणजे एखाद्या मोफत प्रोग्रॅमच्या इन्स्टॉलरमध्येच भरून दिलेले, वापरकर्त्याने न मागितलेले दुसरे सॉफ्टवेअर. ब्राउझरचे टूलबार, सर्च इंजिन परस्पर बदलणारी एक्स्टेंशन, संगणक वेगवान करण्याचे आश्वासन देणारे क्लीनर आणि पानोपानी जाहिराती घुसवणारे अॅडवेअर हे त्याचे नेहमीचे प्रकार. अँटिव्हायरस कंपन्या यातल्या बऱ्याच गोष्टींना व्हायरस न म्हणता ‘बहुधा नको असलेला प्रोग्रॅम’ अशा सौम्य वर्गात टाकतात, कारण वापरकर्त्याने कुठेतरी ‘आय अॅग्री’ दाबलेले असते. संगणकाच्या मालकाच्या दृष्टीने मात्र ही घुसखोरीच आहे.

यामागे ‘पे पर इन्स्टॉल’ नावाचा धंदा आहे. टूलबारवाली कंपनी मध्यस्थ नेटवर्कला पैसे देते, नेटवर्क त्यातला वाटा डाउनलोड साइटला किंवा प्रोग्रॅम बनवणाऱ्याला देते, आणि हिशेब प्रत्येक इन्स्टॉलमागे होतो. गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा दर १० सेंटपासून दीड डॉलरपर्यंत आढळला. या नेटवर्कमुळे होणारे डाउनलोडचे प्रयत्न आठवड्याला ६ कोटींहून अधिक होते.

इन्स्टॉलरच्या पहिल्या स्क्रीनवर ‘एक्सप्रेस’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो. त्याखालचा ‘कस्टम’ फिकट करड्या अक्षरांत असतो, जणू तो चालूच नाही. तो निवडला तरच आधीपासून टिक केलेल्या चौकटी दिसतात. पुढच्या स्क्रीनवर कराराचा मजकूर येतो, पण तो दुसऱ्याच प्रोग्रॅमचा. तिथे ‘डिक्लाइन’ दाबले तर सगळेच इन्स्टॉलेशन रद्द होईल अशी भीती वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा फक्त जोडीला आलेला प्रोग्रॅम गळतो. फसलेल्या माणसाला ‘नीट वाचायला काय झालं होतं?’ असे विचारणे अन्यायाचे आहे. त्याने वाचू नये म्हणूनच ती स्क्रीन तशी मांडलेली असते.

मोठी नावेही या धंद्यापासून दूर राहिली नाहीत. अनेक प्रोग्रॅम चालवण्यासाठी लागणाऱ्या, ओरॅकल कंपनीच्या ‘जावा’बरोबर कित्येक वर्षे आस्क या सर्च इंजिनाचा टूलबार येत असे, तोही सुरक्षा अपडेटच्या सोबतीने. एड बॉट या तंत्रज्ञान-पत्रकाराने जानेवारी २०१३ मध्ये दाखवून दिले की जावा बसल्यावर टूलबारचा इन्स्टॉलर दहा मिनिटे गप्प राहतो आणि मग काम सुरू करतो. लगेच कंट्रोल पॅनेल उघडून पाहणाऱ्याला त्यामुळे काहीच सापडत नसे. त्याआधी २०११ मध्ये डाउनलोड डॉट कॉम या लोकप्रिय साइटने इतरांचे मोफत प्रोग्रॅम स्वतःच्या इन्स्टॉलरमध्ये गुंडाळून द्यायला सुरुवात केली होती. नेटवर्क तपासण्याचे ‘एनमॅप’ हे साधन बनवणारे गॉर्डन लायन यांनी त्या डिसेंबरमध्ये याविरुद्ध जाहीर तक्रार केली.

सर्वांत जिव्हारी लागलेले प्रकरण सोर्सफोर्जचे. १९९९ मध्ये सुरू झालेली ही साइट मुक्त-स्रोत, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो अशा, प्रकल्पांचे हक्काचे घर होती. २०१३ मध्ये तिने ‘डेव्हशेअर’ योजना आणली: प्रकल्पाने इन्स्टॉलरमध्ये जाहिरातींचे प्रोग्रॅम येऊ द्यायचे आणि उत्पन्नात वाटा घ्यायचा. छायाचित्र-संपादनाचा ‘गिंप’ हा प्रकल्प त्याच वर्षी तिथून बाहेर पडला. मे २०१५ मध्ये उघड झाले, की विंडोजसाठीच्या गिंपचे तिथले जुने पान प्रकल्प सोडून दिल्याचे कारण देऊन सोर्सफोर्जने ताब्यात घेतले आहे आणि तिथून जाहिराती गुंडाळलेला इन्स्टॉलर दिला जात आहे. ज्यांनी फुकट राबून प्रोग्रॅम उभा केला त्यांचेच नाव वापरून हे चालले होते. टीकेनंतर तो इन्स्टॉलर मागे घेण्यात आला. २०१६ च्या सुरुवातीला साइट नव्या मालकाकडे गेली आणि त्याने डेव्हशेअर बंद केले. त्यामुळे आजच्या सोर्सफोर्जला त्या काळाच्या मोजपट्टीने मोजू नये.

मुक्त-स्रोत परवाने प्रोग्रॅम कोणालाही पुन्हा वाटण्याची मुभा देतात आणि गुंडाळणारे नेमका याचाच फायदा घेतात. व्हीएलसी प्लेअर बनवणाऱ्या फ्रान्समधील व्हिडिओलॅन संस्थेने २०११ मध्येच अशा तोतया साइटविरुद्ध आवाज उठवला होता. म्हणून प्रोग्रॅम मुक्त-स्रोत आहे एवढ्यावर भागत नाही. हातात आलेली फाइल कोणाकडून आली हे पाहावे लागते.

सर्चमध्ये सर्वांत वर येणारा निकाल अनेकदा जाहिरात असतो, आणि पानावरचे मोठे हिरवे ‘डाउनलोड’ बटणही. निर्मात्याची मूळ साइट शोधण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे विकिपीडियावरील त्या प्रोग्रॅमच्या लेखातील अधिकृत दुवा. लिनक्सवर डेबियनसारख्या वितरणाच्या (लिनक्सच्या तयार संचाच्या) स्वतःच्या भांडारातून प्रोग्रॅम घेतले तर हा शोध बहुतांशी टळतो. विंडोजवर विनगेट हे प्रोग्रॅम आणून बसवणारे साधन, तर अँड्रॉइडवर मुक्त-स्रोत अॅपसाठी एफ-ड्रॉइड हे भांडार, असे मार्ग आहेत. विकतचे प्रोग्रॅम फुकट चालवण्यासाठीच्या क्रॅक आणि की-जेन (खोटी परवाना-की बनवणारे प्रोग्रॅम) यांचा विचारही करू नये. अँटिव्हायरस बंद करा अशी सूचना तिथे सर्रास असते, आणि ती पाळली की दारच उघडे राहते.

मराठी वापरकर्ता हमखास अडकतो तो टायपिंग आणि फाँटच्या शोधात. मराठी टाइप करण्याच्या गूगल इनपुट टूल्सची विंडोजसाठीची ऑफलाइन आवृत्ती गूगलने स्वतःच्या साइटवरून काढून घेतली, पण तिच्या प्रती अनोळखी साइटवर फिरत राहिल्या. तिची गरजही उरलेली नाही: विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड आहेच, आणि २०१९ पासून उच्चारानुसार टाइप करण्याचा मराठी फोनेटिक कीबोर्डही आहे. तो सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो, डाउनलोड करावा लागत नाही. फाँटची फाइल सहसा टीटीएफ किंवा ओटीएफ असते. मराठी फाँट म्हणून ईएक्सई, म्हणजे थेट चालणाऱ्या प्रोग्रॅमची, फाइल हाती आली तर ती उघडू नये. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ आणि इतर अनेक देवनागरी फाँट गूगल फाँट्सवर मुक्त परवान्याने मिळतात.

फाइल उतरल्यावर विंडोजच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर, म्हणजे फाइलवरची निर्मात्याची डिजिटल सही, पाहता येते. व्हायरसटोटल या साइटवर फाइल चढवली तर ती डझनावारी अँटिव्हायरसकडून एकदम तपासली जाते. निर्मात्याने एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला तिचा ठसा, दिला असेल तर ६४ चिन्हांची ती ओळ आपल्या फाइलच्या चेकसमशी ताडून पाहता येते. मे २०१७ मध्ये मॅकसाठीच्या ‘हँडब्रेक’ या व्हिडिओ-रूपांतरकाच्या एका मिरर सर्व्हरवर (फाइलची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवर) काही दिवस ट्रोजन, म्हणजे लपून शिरणारा घातक प्रोग्रॅम, घातलेली फाइल होती. चेकसम ताडणाऱ्याला ती लगेच ओळखता आली असती.

या तपासण्यांनाही मर्यादा आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सीक्लीनर या संगणक-सफाईच्या प्रोग्रॅमची ५.३३ ही आवृत्ती अधिकृत साइटवरून, खऱ्या सहीनिशी बाहेर पडली आणि तिच्यात हल्लेखोरांचा कोड होता. सुमारे २२.७ लाख संगणकांपर्यंत ती पोहोचली. हल्लेखोर निर्मात्याच्याच यंत्रणेत शिरले होते, त्यामुळे सही तपासून काही कळले नसते.

नको ते बसलेच, तर कंट्रोल पॅनेलमधील यादी तारखेनुसार लावावी. त्या दिवशी एकदम आलेले अनोळखी प्रोग्रॅम शेजारी शेजारी दिसतात. ते काढल्यावर ब्राउझरची एक्स्टेंशन, होमपेज आणि सर्च इंजिन वेगळे तपासावे लागतात, कारण प्रोग्रॅम गेला तरी हे बदल तसेच राहू शकतात. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची साधने मोफत मिळतात.